रोजच्या ऐकण्यासाठी हेडफोन घेताय? आधी कान बघा, मग डबी

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘वायरचा की ब्लूटूथ?’ दुसरा, ‘बजेट किती?’ आणि काउंटरवर चार-पाच डब्या येऊन पडतात. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात बेस, तास आणि मिलिमीटर. तुम्ही ऐकणार कुठं, दिवसाला किती तास, चष्मा आहे का, कान लहान आहेत का, हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. महिना-दोन महिन्यांत तो हेडफोन ड्रॉवरमध्ये जातो. बहुतेक वेळा आवाज वाईट म्हणून नव्हे. कान दुखतो, सारखा निसटतो किंवा एका बाजूचं ऐकू येणं बंद होतं म्हणून.

कॉलेजं सुरू झाली की खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये बघा, किती जणांच्या कानात काही ना काही असतंच. ऑनलाइन क्लास, कॉमेंट्री, गाणी, घरी आल्यावर वेब सिरीज. सगळं धरलं तर दिवसाला तीन-चार तास सहज होतात. इतका वेळ पायात चप्पल चावत असेल तर आपण ती बदलून आणतो. कानाच्या बाबतीत मात्र ‘होईल सवय’ म्हणतो. सवय होत नाही, कान दुखतच राहतो.

आधी नीट बसायला पाहिजे

रोजच्या वापरात चार प्रकार दिसतात. कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, रबर नसलेला, जुन्या मोबाईलबरोबर फुकट यायचा तो. कानाच्या नळीत जाणारा रबरवाला. नेकबँड आणि हल्लीचे बड्स बहुतेक याच जातीचे. कानावर टेकणारा, गोल गादीचा. आणि अख्खा कान आत घेणारा मोठा.

यातला रबरवाला सगळ्यात जास्त खपतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा बसवला जातो. त्याचा सगळा खेळ त्या रबरात आहे. रबर कानाच्या नळीला चारी बाजूंनी चिकटलं तरच आतली हवा कोंडली जाते आणि खालचे, जाडे स्वर ऐकू येतात. बारीकशी फट राहिली तरी पहिल्यांदा तेच स्वर पळून जातात. मग आपण म्हणतो, ‘याला बेसच नाही’, आणि आवाज वाढवतो. चुकीच्या मापाचं रबर असं गुपचूप आवाज वाढवायला लावतं.

डबीत साधारण तीन मापांची रबरं येतात. मध्यम आधीच लावलेलं असतं आणि बहुतेक जण उरलेली दोन कधी पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. काढा. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान लागणं अगदी नेहमीचं आहे. बसवताना दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागं ओढा, म्हणजे आत वळणारी नळी सरळ होते. मग हलकं फिरवत आत सारा. जोर लावायचा नाही.

बसलं की नाही हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. तबला असलेलं कुठलंही गाणं हळू आवाजात लावा. डग्ग्याचा घुमारा नीट ऐकू आला पाहिजे. आता बोटानं इयरफोन अगदी हलका आत दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम भरला आणि बोट काढल्यावर पुन्हा पोकळ झाला, तर रबर लहान आहे. दाबून काहीच फरक पडला नाही, तर माप बरोबर. दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन लावा (एवढा हक्क आपला आहेच). गाणं थांबतं त्या जागी मागचा तानपुरा सलग, दोन्ही कानांत सारखा वाजत राहिला पाहिजे. एका कानात कमी वाटला तर डावं-उजवं बदलून बघा. बदलल्यावर कमीपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष इयरफोनचा. त्याच कानात राहिला तर आधी रबराचं माप तपासा, आणि तरीही तसंच असेल तर कान डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा आत मळ साचलेला असतो. रोज रबर आत सारणाऱ्यांच्या कानात मळ बाहेर यायच्या ऐवजी आत ढकलला जातो. काडी घालून तो काढायच्या भानगडीत पडू नका.

काहींच्या कानाला रबर सोसतच नाही. कोंडल्यासारखं होतं, स्वतःच्या चालण्याचा धप-धप आवाज डोक्यात घुमतो, खाताना जबड्याबरोबर इयरफोन हलतो. अशांनी फेसासारख्या मऊ स्पंजची टोकं वापरून बघावीत. बोटात दाबून आत घातली की ती हळूहळू फुगून कानाचा आकार घेतात. ती उबदार होतात आणि काही महिन्यांत बदलावी लागतात, एवढाच त्यांचा तोटा. तेही जमत नसेल तर सरळ बिनरबराचा किंवा मोठा हेडफोन घ्यावा. फॅशन म्हणून बड्स घेऊन रोज कान चोळत बसण्यात काय अर्थ आहे?

आवाजाचा हिशेब पाण्याच्या टाकीसारखा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये मोबाईल आणि हेडफोनवर ऐकण्यासाठी एक मानक जाहीर केलं. त्यात मोठ्या माणसासाठी आठवड्याची मर्यादा आहे ८० डेसिबलवर ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. ऐकायला ही मर्यादा भरपूर वाटते. पण डेसिबलचं माप शाळेच्या मार्कांसारखं सरळ चढत नाही. दर ३ डेसिबलला आवाजातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून चालणारा वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ डेसिबलला आठवड्याला जेमतेम अडीच तास. बेळगाव-कोल्हापूर एकदा जाऊन आलं तरी ते संपतात.

थोडक्यात, आठवड्याला एकच टाकी मिळते. नळ बारीक सोडला तर सगळा आठवडा पुरते, मोठा सोडला तर सोमवारीच खाली.

आता बसमध्ये काय होतं बघा. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, वर कंडक्टरची शिट्टी. या सगळ्याच्या वर गाणं ऐकू यायचं तर आवाज वाढवावाच लागतो. घरात निम्म्यावर चालणारं गाणं बसमध्ये पाऊण-पूर्णवर जातं आणि उतरल्यावर कुणाच्या लक्षातही राहत नाही. संघटनेचाच दुसरा सल्ला असा की, फोनचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा. तो पाळायचा असेल तर बाहेरचा गोंगाट आधी अडवला पाहिजे. म्हणून रोज बसचा प्रवास करणाऱ्याला घट्ट बसणारं रबर ही चैन नव्हे, ते कानाचं छत्र आहे. बिनरबराचा इयरफोन घरात, निवांत खोलीत फार चांगला. बसमध्ये तोच सगळ्यात वाईट.

आतल्या कानात शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत आवाज टिपणाऱ्या अतिशय नाजूक पेशी असतात. त्या मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान हळूहळू होतं. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक कळेनासा होतो. माणूस म्हणतो, ‘मला ऐकू येतंय, पण समोरचा स्पष्ट बोलत नाही.’ ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजल्यासारखी राहत असेल, किंवा कान बधिर वाटत असेल, तर त्या दिवशीचं ऐकणं जास्त झालं असं समजा. तसं वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या.

उद्यमबागेत फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी हा हिशेब आणखी कडक धरायला पाहिजे. त्यांच्या टाकीतलं पाणी कामावरच संपलेलं असतं. त्यानंतर परतीच्या वाटेवर तासभर मोठ्यानं गाणी म्हणजे उधारीवर ऐकणं. कामाच्या जागी मशीनचा आवाज लागू नये म्हणून इयरफोन लावून गाणी ऐकणारी पोरं दिसतात. तो कानाचा बचाव नव्हे. मशीनचा आवाज थोडाच अडतो आणि वर गाण्याची भर पडते. तिथं कान झाकायचे वेगळे मफ किंवा बुचं मिळतात, तीच घालायची.

आवाज मारणारे, म्हणजे ‘एएनसी’ असलेले इयरफोन बसच्या सलग घरघरीवर चांगलं काम करतात. आत बसवलेला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लाट सोडतो. पण माणसांचं बोलणं, हॉर्न, भांड्यांचा आवाज अशा तुटक गोष्टी त्याला तितक्या आवरत नाहीत. आणि रबर नीट बसलं नसेल तर एएनसीचे पैसे वायाच.

गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटांसारख्या ठिकाणी पायी जाताना कान मोकळे. यात तडजोड नाही. एक कान उघडा ठेवून भागतं असं म्हणतात, पण एकाच कानानं आवाज कुठून येतोय हे नीट कळत नाही.

मोठा हेडफोन: डोक्याला विचारा

घरी बसून दोन-तीन तास ऐकणाऱ्याला, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला, संगीत शिकणाऱ्याला मोठा हेडफोन बरा. कानाच्या नळीत काही जात नाही आणि आवाज मोकळा वाटतो. पण तो दुकानात दोन मिनिटं घालून कळत नाही. दोन मिनिटं सगळेच मऊ लागतात. दुखणं सुरू होतं ते पंधरा-वीस मिनिटांनी, आणि तेही तीन ठिकाणी: टाळूवर, जबड्याच्या वर आणि कानाच्या कडेला. दुकानदार ओळखीचा असेल तर ‘जरा बसून ऐकतो’ म्हणा. हेडफोन डोक्यावर ठेवून मान खाली घाला, तोंड उघड-मिट करा. घसरत असेल तर सैल, जबडा अडत असेल तर घट्ट.

चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच बघायचं. चष्म्याची काडी गादीखाली दबते, कानामागं दुखतं आणि तिथूनच आवाज गळतो. मऊ, जाड गादी असेल तर काडी तिच्यात बुडते. बुगडी किंवा मोठे झुमके घालणाऱ्या बायकांना कानावर टेकणारा प्रकार नकोच. पूर्ण कान आत घेणारा आणि आतून खोल असलेलाच घ्यावा. कानाचा वरचा भाग आतल्या जाळीला टेकत असेल तर अर्ध्या तासात तो लाल होणार. वजनही हातात घेऊन बघा. पाव किलोच्या वरचा हेडफोन रोज तासन् तास मानेला जाणवतो.

गाद्यांचं काळं कातडं खऱ्या चामड्याचं नसतं. घाम आणि दमट हवेत ते वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि काळे कण गालाला चिकटतात. आपल्याकडचा पावसाळा त्याला आणखी घाई करतो. म्हणून घेतानाच विचारा: याच्या गाद्या बदलून मिळतात का? मिळत नसतील तर त्या हेडफोनचं आयुष्य गादीइतकंच.

नेमकं तुटतं कुठं

वायरचा इयरफोन मध्येच कधी तुटत नाही. तो तुटतो पिनेच्या गळ्याशी, दोन वायरी फुटतात त्या सांध्याशी, किंवा कानाच्या बोंडाला वायर शिरते तिथं. या तिन्ही जागी लवचिक रबराची मान आहे का बघा. टणक प्लास्टिक असेल आणि वायर त्यातून सरळ कडेवर वाकत असेल तर ती तिथंच जाणार. फोन खिशात उभा राहत असेल तर काटकोनात वळलेली पिन जास्त टिकते. वरून विणलेली कापडी वायर गुंतते कमी आणि दिसते मजबूत, पण सांधा कच्चा असेल तर कापडानं काही वाचत नाही.

पिनेपाशी तुटलेली वायर हा टाकून द्यायचा प्रकार नव्हे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर नवी पिन डाख देऊन लावून देतो. आतल्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तो जाळून काढावा लागतो. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच द्या. काही इयरफोनची वायर बोंडापासून सुटी होते. असा घेतला तर वायर गेली की फक्त वायर घ्यायची. रोज वापरणाऱ्यासाठी, माझ्या मते, पैसे घालायची सगळ्यात चांगली जागा हीच.

हा विचार नवा नाही. सेनहायझरचा एचडी २५ हा हेडफोन १९८८ पासून आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओवाले वापरत आलेत. दिसायला दोन्ही साधे. पण गादी, वायर असे सुटे भाग बदलता येतात, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतात. बसच्या प्रवासाला ते महाग पडतील. पण कुठलाही हेडफोन हातात घेतल्यावर ‘यात बदलता काय येतं?’ हा प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत.

बिनवायरच्या बड्सचं दुखणं वेगळं. वायर नाही म्हणून तुटत नाहीत, पण आत वाटाण्याएवढी बॅटरी असते. अशी बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की तिचा दम कमी होतो. रोज चार्ज करणाऱ्याला दोन-तीन वर्षांत पाच तासांचे तीन तास झालेले दिसतात. ती बदलायची सोय बहुतेक बड्समध्ये नसतेच. शिवाय एक बड गटारात गेला की दुसरा निरुपयोगी. नेकबँडमध्ये बॅटरी मोठी, काढलं तरी गळ्यात राहतं, हरवत नाही. म्हणून बस, कारखाना, दुकान अशा धावपळीत नेकबँड बड्सपेक्षा जास्त वर्षं साथ देतो. त्याच्या चार्जिंगच्या तोंडावरचं छोटं झाकण मात्र घट्ट बसतंय का बघून घ्या. पावसाचं किंवा घामाचं पाणी तिथूनच आत जातं.

डबीवरचे आकडे वाचताना

‘४० तास’ असं लिहिलं असेल तर ते बहुधा डबीतली बॅटरी धरून. एका चार्जमध्ये नुसते बड्स किती चालतात, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ यांत पुष्कळांची फसगत होते. ईएनसी हे माइकसाठी. तुम्ही बोलताना समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या कानासाठी असतं ते एएनसी. दुकानात दोन्ही एकाच दमात ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून खपवतात.

‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोडे आणि घाम चालेल. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकलं. मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची परीक्षा नोंदवलेली नाही, एवढाच. ज्याचं काम धुळीत आहे त्यानं एक्सच्या जागी आकडा असलेला, म्हणजे ‘आयपी ५४’ किंवा ‘आयपी ५५’ बघावा. आणि हे सगळं नव्या मालाचं. रबर जुनं झालं की तो भरवसा राहत नाही. जोराच्या पावसात कानात बड्स ठेवून चालणं आयपी काहीही असलं तरी शहाणपणाचं नाही. ओल्या कानात रबर कोंडलं की बुरशी धरते, खाज सुटते. आंघोळीनंतर कान कोरडे होऊ द्या. रबरं आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. आणि दुसऱ्याचा इयरफोन कानात घालू नका, सख्ख्या भावाचा असला तरी.

ड्रायव्हरचे मिलिमीटर बघून काही ठरत नाही. १० मिलिमीटरचा चांगलाही असतो आणि १३ चा भसाडाही. ब्लूटूथचं म्हणाल तर रोजच्या गाण्यांना साधा एसबीसी किंवा एएसी पुरतो. मात्र गायनाचा ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांनी वायरचाच वापरावा. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर मागं पडतो. गेम खेळताना चालून जाईल, ताल धरताना नाही चालत.

फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो. त्यात घोटाळा असा की काही जोडांत आवाज तयार करणारी चिप असते, काहींत नुसती तार. सगळे फोन नुसत्या तारेच्या जोडावर आवाज देत नाहीत. म्हणून स्वतःचा फोन घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

घेतल्यावर

मोठ्या ब्रँडच्या नावात एखादं अक्षर इकडंतिकडं करून तशीच डबी फुटपाथवर मिळते. ब्लूटूथच्या इयरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. डबीवर ‘आर’ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. वॉरंटी सहा महिने की वर्ष, आणि त्यात वायर तुटणं धरलंय का, हे विचारून घ्या. पुष्कळदा धरलेलं नसतं. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळी-पुण्याला पाठवावं लागणार, हेही. तक्रार करूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडं पहिल्यांदा मागतात ते बिल. दुकानातलं गुळगुळीत कागदावरचं छापील बिल काही महिन्यांत पुसट होऊन कोरं पडतं, तेव्हा त्याचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेवा.